टाळ्या कुठे वाजवायच्या

“आत्ता टाळी कोणी वाजवली?” देल्मिराने विचारलं.

अंगणात आंब्याखाली दोन बाकं टाकून तोमिचांचं सगळं घर तिने ओळीने बसवलं होतं. समोर तिचा भाऊ क्रिस्पिन मक्याचं कणीस हनुवटीखाली धरून त्यावर लाकडी डाव फिरवत होता. म्हणजे तो व्हायोलिन वाजवत होता. नुकताच त्याचा दुसरा भाग संपला होता.

“मी नाही वाजवली. डास मारला,” पेत्रोना म्हणाली.

“आई, कार्यक्रमात डास मारायचा नाही.”

“मग त्याने चावायचं?”

“चावू दे.”

“आणि खोकला आला तर?”

“गिळायचा.”

“बहात्तर वर्षांत मी खोकला कधी गिळलेला नाही,” पेत्रोना म्हणाली. “शहरात गिळतात का सगळे?”

रेमेदियोस भट्टीतून कुन्यापेचा तवा काढत होती. चीज आणि युका नावाच्या कंदाच्या पिठाचे ते गोळे छान फुगले होते, पण तिचं लक्ष त्यांच्यात नव्हतं. एरवी थोरल्या बहिणीची ही शाळा बघून ती पोट धरून हसली असती. आज तिला हसायला येत नव्हतं. दुपारी चारला चर्चमध्ये तिची नायेली सगळ्यांच्या पुढे उभी राहून एकटी वाजवणार होती, आणि ऐकायला सांताक्रूझ शहरातल्या संगीतशाळेच्या इरेनेबाई येणार होत्या. आमच्या भागातल्या पाच गावांत त्या फिरत होत्या. पाच गावांतून एकच मूल त्या नेणार होत्या.

“पुन्हा सांगते,” देल्मिरा म्हणाली. तिच्या हातात शहरातून आणलेला कागद होता. “रचनेचे भाग तीन. पहिला संपला, गप्प. दुसरा संपला, गप्प. तिसरा संपला की उभं राहायचं आणि टाळ्या. हात दुखेपर्यंत. मी तर म्हणते, दुखले तरी.”

“तिसरा संपला हे कळायचं कसं?” क्रिस्पिनने विचारलं. “दुसऱ्यात एकदा ती थांबते. मला वाटतं झालं, आणि ती परत सुरू होते. लबाड पोरगी आहे.”

“माझ्याकडे बघायचं. मी उठले की उठायचं.”

“तुझ्याकडे कोण बघणार, ताई?” क्रिस्पिन म्हणाला. “गाव बघतं बाबांच्या हातांकडे.”

यावर सगळ्यांनी ओसरीकडे पाहिलं. कारण ते खरं होतं, आणि बाबा तिथेच बसले होते.

निकासियो तोमिचा ओसरीच्या खांबाला टेकून आपल्या काठीला तेल चोळत होता. सांता रोसालियाच्या पंचांमध्ये तो थोरला, अकरा वर्षांपासून. चर्चमध्ये त्याचं बाक पहिलं. तो गुडघे टेकेल तेव्हा गाव गुडघे टेकतं, तो उठेल तेव्हा उठतं. कोणी तसा हुकूम कधी दिलेला नाही. पण आमच्याकडे मुलं चालायला लागतात त्याच सुमाराला हेही शिकतात.

देल्मिराने कागदाची घडी घातली आणि ती बापासमोर जाऊन उकिडवी बसली.

“बाबा, एकदाच. माझ्यासाठी नको, नायेलीसाठी.”

“चर्चमध्ये नाही,” निकासियो म्हणाला.

“ऐकून तरी घ्या.”

“ऐकतोय ना. सकाळपासून ऐकतोय. डास मारायचा नाही, खोकायचं नाही, हे सगळं बरोबर आहे. आम्ही लहानपणी तेच शिकलो. टाळ्यांचंच तेवढं चुकीचं लिहिलंय तुझ्या कागदावर.”

“चुकीचं कसं? सगळ्या जगात वाजवतात.”

“जगात वाजवू देत. त्यांच्या इमारती त्यांच्या आहेत. ती इमारत कोणाची?”

देल्मिराने कागदाची घडी उलगडून पुन्हा घातली.

“आपण तिथे पाहुणे,” निकासियो म्हणाला. “वाजवणारी पोरगीही पाहुणी. ती वाजवते ते घरधन्यासाठी. आवडलं की नाही ते त्याने ठरवायचं. मधल्यामध्ये आपण कोण पसंती देणारे?”

“मग आपण काय करायचं?”

“माहीत आहे तुला. ती वाद्य खाली ठेवेपर्यंत हलायचं नाही.”

हे गावात सगळ्यांना माहीत होतं. वाजवणं संपलं तरी वाजवणाऱ्याच्या हातात वाद्य आहे तोवर सूर आत फिरतो आहे असं जुनी माणसं मानत. वाद्य खाली ठेवलं की मग उठायचं. जितकी गाढ शांतता, तितकं वाजवणं चांगलं.

“दोन वर्षांपूर्वी काय झालं ते विसरलात?” देल्मिराचा आवाज चढला. “आपल्या पोरांचं गायन किती सुंदर झालं होतं. बाहेरून आलेले लोक बघताहेत, आणि तुम्ही सगळे असे बसलात जसे खांब. पेपरात आलं, ‘सांता रोसालियाच्या गावकऱ्यांना आपल्याच मुलांचं गाणं पसंत पडलं नाही.’ मी दुकानात एका बाईचे केस कापत होते, तिनेच मोठ्याने वाचून दाखवलं. त्या पोरांना पुढे कोणी बोलावलं का? नाही बोलावलं. इरेनेबाई समोर बसणार आणि टाळ्या वाजवणार शहरातून आलेले दोन बसभर पाहुणे. चारशे गावकरी तोंड शिवून. त्या काय समजतील?”

“त्यांना ऐकायचंच असेल तर त्या वाजवणं ऐकतील,” निकासियो म्हणाला आणि तेलाची बाटली बूच लावून बंद केली.

देल्मिरा उठून सरळ भट्टीपाशी आली. “रेमे, तू बोल. तुझी मुलगी आहे.”

“मी वाजवीन,” रेमेदियोस म्हणाली. “कोणी नाही वाजवलं तरी मी एकटी वाजवीन.”

हे तिने मुद्दाम मोठ्याने म्हटलं, बापाला ऐकू जाईल असं. चाळीस वर्षांच्या आयुष्यात बापाच्या शब्दाबाहेर जायची तिची ही पहिलीच वेळ. देल्मिराची गोष्ट वेगळी. ती विसाव्या वर्षी न सांगता शहरात पळाली होती. चार वर्षं बाबा तिच्याशी बोलले नव्हते, आणि पाचव्या वर्षी तिच्याच दुकानात बसून केस कापून आले होते.

“अरे वा,” क्रिस्पिन कणीस खात म्हणाला. तो आपलं वाद्यच खायला लागला होता. “आता दोघी झाल्या. आई, तू कुठल्या बाजूला?”

“मला खोकू देतील त्या बाजूला,” पेत्रोना म्हणाली.

 निकासियोने रेमेदियोसकडे एकदा पाहिलं, मग तव्यातला एक गरम कुन्यापे उचलला आणि दोन्ही हातांत झेलत आत गेला.

साडेतीनला चर्चच्या मागच्या खोलीत रेमेदियोस नायेलीची वेणी घालत होती. बाहेरून बाकं सरकल्याचे आवाज येत होते. पाहुण्यांची दुसरी बसही आली होती.

“मावशीने काय काय सांगितलं?” रेमेदियोसने विचारलं.

“शेवटचा सूर झाला की व्हायोलिन हातात धरून सरळ उभं राहायचं. हसायचं. टाळ्या थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही. मध्येच गेलं तर उद्धटपणा दिसतो.” नायेलीने आईकडे मान वळवली. “आणि आजोबांकडे बघायचं नाही.”

“बरोबर आहे.”

“मी बघणार आहे. आई, सहा वर्षांची होते तेव्हा त्यांनी माझ्या हातात व्हायोलिन दिलं. अकरा वर्षं झाली. चुकलं की सांगतात, लगेच सांगतात. नाही चुकलं तर उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जातात. चांगलं वाजलं का, ते मला कधी कळलंच नाही.”

“त्यांची रीतच तशी.”

“ठाऊक आहे. पण मला कळायचं कसं?”

रेमेदियोसने वेणीला पांढरी फीत बांधली.  तिच्या स्वतःच्या लहानपणीही त्या कोंबड्या भरपूर दाणे खाऊन लठ्ठ झाल्या होत्या.

चर्च भरलं होतं. डावीकडे पाहुणे, टोप्या मांडीवर, कॅमेरे गळ्यात. उजवीकडे आणि मागे सगळं गाव, पोराबाळांसकट. पहिल्या बाकावर पंच, काठ्या गुडघ्यांत उभ्या. तोमिचांचं कुटुंब लगेच मागच्या बाकावर. इरेनेबाई डावीकडे पहिल्या रांगेत होत्या. बारीक चणीची बाई, चष्मा कपाळावर, मांडीवर वही.

नायेलीने व्हायोलिनचा गज उचलला.

पहिला भाग वेगाचा होता. गावच्या मुलांचा वाद्यवृंद मागून धावत होता आणि नायेली पुढे, जशी टेकडीवरून उतरताना पुढे पळायची तशी. भाग संपला आणि डावीकडून टाळ्यांचा कडकडाट झाला. एक जण शिट्टीही वाजवून गेला.

देल्मिरा जागेवर ताठ झाली. हे तिच्या हिशेबातच नव्हतं. सकाळभर तिने डास मारणाऱ्या आईला शिकवलं होतं, आणि आता हे शिकलेसवरलेले शहरी लोक पहिल्याच भागाला टाळ्या वाजवत होते. मधल्या वाटेपलीकडच्या बाकावर एका अधिकाऱ्याची बायको सोन्याच्या बांगड्या वाजवत हात आपटत होती. देल्मिरा तिच्याकडे वळून “शुक्” म्हणाली. बाई दचकली. देल्मिराने तीन बोटं दाखवली, मग एक. बाईला काही उमगलं नाही, पण ती थांबली.

“ताई, त्यांना आंब्याखाली बसवायला हवं होतं,” क्रिस्पिन कुजबुजला.

दुसरा भाग संथ होता. या रचनेचे कागद फार जुने, उंदरांनी कडा खाल्लेले, ते निकासियोच्या बापाने चर्चच्या पेटीतून काढून स्वच्छ करून ठेवले होते. कोणी रचलं हे माहीत नाही, नाव उंदरांनी खाल्लं होतं. नायेलीने एकच लांब सूर धरला, आणि तो इतका बारीक होत गेला की तो संपला कुठे आणि त्याच्यामागची शांतता सुरू कुठे झाली, ते कोणाला सांगता आलं नसतं. या वेळी डावीकडेही कोणी हललं नाही. पेत्रोनाचे खांदे एकदा थरथरले. रेमेदियोसला वाटलं, आई रडते आहे. पण आई खोकला गिळत होती.

मग तिसरा भाग, नाचाच्या चालीचा, आणि शेवटचा सूर. नायेलीचा गज हवेत थांबला.

पाहुण्यांनी टाळ्या सुरू केल्या. देल्मिरा ताडकन उभी राहिली आणि तिने दोनदा हात आपटले. पुढचे पंच हलले नाहीत. मागचं गाव हललं नाही. चारशे माणसं, आणि बाळंसुद्धा गप्प. देल्मिराचे हात तिसऱ्यांदा वर गेले आणि तिथेच राहिले. पेत्रोनाने तिच्या झग्याला धरून तिला खाली बसवलं.

आणि रेमेदियोस? तिने हात उचलायचा ठरवला. खरंच ठरवला. पण तिचे हात मांडीवरच राहिले. बापाची भीती त्यात नव्हती. या बाकावर बसल्यावर हात कसे ठेवायचे हे त्या हातांना तिच्यापेक्षा आधीपासून माहीत होतं. आपल्याच मुलीसाठी आपले हात उठत नाहीत, याची तिला इतकी लाज वाटली की तिचे कान तापले.

पाहुण्यांनी इकडेतिकडे पाहिलं. टाळ्या विरळ झाल्या, एकदोन हातांच्या झाल्या, बंद पडल्या.

नायेली व्हायोलिन हातात धरून सरळ उभी होती. हसत होती. मावशीने सांगितलं होतं, टाळ्या थांबेपर्यंत हलायचं नाही. टाळ्या तर थांबल्याच होत्या, पण गावाच्या सुरूच झाल्या नव्हत्या. ती त्या सुरू व्हायची वाट बघत होती.

आणि गाव वाट बघत होतं तिने व्हायोलिन खाली ठेवण्याची.

अर्धं मिनिट गेलं. मिनिट गेलं. कोणी श्वाससुद्धा मोठा घेईना. नायेलीचं हसू ओठांवर वाळायला लागलं. तिने पहिल्या बाकाकडे पाहिलं. आजोबा खांबासारखे बसले होते, दोन्ही हात काठीवर. डावीकडे इरेनेबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वळून सगळ्या गावाकडे पाहिलं.

रेमेदियोसच्या ध्यानात आलं. पोरगी त्यांच्यासाठी थांबली आहे आणि ते पोरीसाठी. असंच चाललं तर सगळे रात्रीपर्यंत इथेच.

ती अर्धवट उठली, नायेलीची नजर पकडली आणि तळहात खाली दाबून दाखवला. ठेव. नायेलीला कळेना. रेमेदियोसने हनुवटीखालचं अदृश्य व्हायोलिन काढून अलगद जमिनीवर ठेवल्यासारखं केलं. नायेलीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आई सांगते आहे की पुरे झालं, जा आता. ती वाकली, आणि व्हायोलिन खुर्चीवर ठेवलं.

त्याबरोबर निकासियो उठला. नायेलीकडे न बघता वळला आणि मधल्या वाटेने दाराकडे चालू लागला. मागोमाग पंच उठले, मग बाकामागून बाक, सगळं गाव उठलं आणि न बोलता बाहेर निघालं.

“संपलं,” देल्मिरा म्हणाली. “आता पेपरात येईल की गाव मध्येच उठून गेलं.”

रेमेदियोसने मागे पाहिलं. नायेली रिकाम्या हातांनी उभी होती. मग रेमेदियोस धावली. गर्दीतून कोपरं मारत दारापर्यंत पोचली आणि बाहेरच्या पडवीत तिने बापाची बाही धरली.

“बाबा, थांबा. तुम्हाला तिला जाऊच द्यायचं नाही. तसं सरळ सांगायचं होतं. देवाचं नाव कशाला मध्ये घेता? पोरगी आत रडतेय. अकरा वर्षं तुम्ही तिला शिकवलं, एक शब्द बोलायला काय जात होतं तुमचं? मलाही कधी बोलला नाहीत. मी मुकाट राहिले. ती का राहील?”

गाव ऐकत होतं. रेमेदियोस तोमिचा बापाला असं बोलते आहे, तेही भर पडवीत, हे ऐकायला मागच्यांनी माना लांब केल्या.

निकासियोने बाही सोडवली नाही. त्याने वर पाहिलं. चर्चचं कौलारू छप्पर पडवीवरून चांगलं पुढे आलेलं होतं.

“अजून डोक्यावर छप्पर आहे,” तो म्हणाला. “अजून दोन पावलं आहेत, पोरी. चल.”

तिला बाहीसकट ओढतच तो दोन पावलं पुढे गेला. उन्हात. लाल मातीच्या चौकात. तिथे त्याने काठी क्रिस्पिनकडे दिली, चर्चच्या दाराकडे तोंड केलं, आणि टाळ्या वाजवायला लागला.

त्याला टाळ्या वाजवता येत नव्हत्या. मक्यावर बसलेले पोपट हाकलताना वाजवतात तसा तो हात आपटत होता, कोपरं बाहेर काढून, ताल नाही, काही नाही. एक क्षण गाव त्याच्या हातांकडे बघत राहिलं. मग सगळ्या चौकात एकदम टाळ्या फुटल्या. चारशे माणसांच्या. पोरं उड्या मारायला लागली, झाडांवरचे पक्षी उडाले, आणि चौकाच्या कडेला झोपलेली तीन कुत्री उठून भुंकत सुटली.

“बाबा,” रेमेदियोस म्हणाली.  तिचे हात आपोआप वर गेले होते आणि वाजत होते.

“मोठ्याने वाजव,” निकासियो म्हणाला. “आतपर्यंत जायला पाहिजे.”

“सकाळीच सांगायचं होतं ना.”

“सकाळी सांगायला काही सुचलं होतं कुठे? मी कुन्यापे खाताना विचार केला. आणि मग झोपलो.”

देल्मिरा दाराशी आली, तिने समोरचा प्रकार पाहिला, आणि पडवी ओलांडून ती उन्हात अशी धावली की तिची एक चप्पल छपराखालीच राहिली. मग पाहुणे बाहेर आले, कॅमेरे वर करून. त्यांना काही कळलं नाही, पण तेही वाजवायला लागले. अधिकाऱ्याच्या बायकोने आधी देल्मिराकडे बघून तीन बोटं वर केली, देल्मिराने मान हलवली, तेव्हा तिने सुरुवात केली.

शेवटी नायेली आली. छपराच्या सावलीत, दारातच थांबली. गालावर ओघळ होते आणि तोंड उघडं. तिने सगळ्या चौकावरून नजर फिरवली आणि आजोबांवर आणून थांबवली.

“काय बघतेस?” निकासियो ओरडला. “चांगलं वाजवलंस. दुसऱ्या भागातला तो लांब सूर माझ्या बापालासुद्धा धरता येत नव्हता.”

नायेली पायऱ्या उतरून त्याच्याकडे आली. तो टाळ्या वाजवतच होता, म्हणून तिला त्याला धडपणे मिठीही मारता येईना. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि तिच्या पाठीमागे हात नेऊन त्याने वाजवणं चालू ठेवलं.

इरेनेबाई गर्दीतून वाट काढत आल्या. चष्मा परत कपाळावर गेला होता.

“हे काय चाललंय?” त्यांनी क्रिस्पिनला विचारलं.

“आमचे थोरले पंच टाळ्या वाजवताहेत, बाई. सत्तर वर्षांच्या साठलेल्या आहेत. वेळ लागेल.”

बाई हसल्या. रेमेदियोसकडे वळल्या. “तुम्ही आई ना? हिचं नाव मी मघाशी आतच लिहिलं. दुसऱ्या भागाच्या शेवटी. आणि नंतर ती शांतता. तीस वर्षं कार्यक्रम ऐकतेय, इतकी शांतता मी ऐकलेली नाही. मला वाटलं, हे लोक असं ऐकतात, म्हणून पोरगी तसं वाजवते.”

देल्मिराने तोंड उघडलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा काही न बोलता मिटलं.

“शाळा फेब्रुवारीत सुरू होते,” इरेनेबाई म्हणाल्या. “राहायची सोय आम्ही करतो. पाच वर्षांचा अभ्यास आहे.”

निकासियोचे हात थांबले. ते थांबले तसा सगळा चौक थांबला.

“पाच?” तो म्हणाला.

“सुट्ट्या असतात,” इरेनेबाई म्हणाल्या. एवढ्या लोकांना एकदम गप्प झालेलं बघून त्या जरा घाबरल्या.

निकासियोने आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. लाल झाले होते.  पेत्रोना हळूच एकदा खोकली, अर्ध्या तासाने.

“पाच,” तो पुन्हा म्हणाला. “आधी सांगितलं असतं तर जरा हळू वाजवल्या असत्या.”

नायेली त्याच्या खांद्यावरच हसली. रेमेदियोस बघत होती. बापाने नातीच्या पाठीवरून तिची वेणी बाजूला सारली, तिला थोडं दूर उभं केलं, नीट समोर, आणि कोपरं बाहेर काढून पुन्हा सुरुवात केली, मघापेक्षा जोरात.